नरक्यापासून प्लेटपर्यंत: मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वनस्पतीचा अर्क तपासायचा कसा

पहिल्या दिवशी प्लेटमध्ये पेशी टाकूच नका. अर्क टाका, मीडियम (पेशींचं पातळ खाद्य) टाका, एमटीटी हे पिवळं रंगद्रव्य टाका आणि प्लेट चार तास ३७ अंशांवर ठेवून द्या. मग झाकण काढून बघा.

काही वर्षांपूर्वी एम.एस्सी.च्या प्रकल्पाला आलेल्या एका मुलीचे आकडे असे होते: अर्काची मात्रा वाढवत नेली तशा पेशी आधी कमी झाल्या आणि सर्वांत मोठ्या मात्रेला एकदम १३० टक्क्यांवर गेल्या. 'कमी मात्रेत मारक, जास्त मात्रेत पोषक' असं स्पष्टीकरणही तिने बिचारीने लिहून आणलं होतं. तिला म्हटलं, आधी बिनपेशींची प्लेट लाव. दुसऱ्या दिवशी दुपारी ती प्लेट घेऊन आली तेव्हा जास्त मात्रेचे वेल पिकल्या जांभळासारखे झाले होते. त्यांत एकही पेशी नव्हती. पिवळ्या एमटीटीला जिवंत पेशी जांभळा करतात, या एका गोष्टीवर ही चाचणी उभी आहे. पण हिरडा, आवळा, डाळिंबाची साल यांतले पॉलिफेनॉल तेच काम पेशींशिवाय करून टाकतात. तिचा सहा आठवड्यांचा डेटा त्या दुपारी गेला. (वेल म्हणजे प्लेटमधला खळगा. वनस्पतिशास्त्राची मुलं पहिल्यांदा ऐकून हमखास हसतात.)

ज्यांच्याकडे पेशी वाढवायची साधी सोय आहे, म्हणजे लॅमिनार हूड, कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर, उलटा सूक्ष्मदर्शक आणि प्लेट रीडर, आणि ज्यांना एखाद्या वनस्पतीचा अर्क मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर तपासायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पेशी मारणं मुळीच अवघड नाही, मिठाच्या पाण्यानेही मरतात. आपला निकाल खोटा ठरवायचा आपणच जिवापाड प्रयत्न करायचा आणि त्यातून जे उरेल तेवढंच लिहायचं, हे अवघड.

नरक्याचंच उदाहरण का

उदाहरण म्हणून नरक्या घेऊ. महाबळेश्वरपासून खाली सिंधुदुर्ग, गोव्यापर्यंत सह्याद्रीत हे झाड आहे. चुरगाळलं की घाण वास येतो, म्हणून हे नाव. लॅटिनमध्येही त्याला पूर्वी मॅपिया फोएटिडा म्हणायचे, फोएटिडा म्हणजे दुर्गंधी. आता त्याचं मान्य नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना.

या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं. ते पहिल्यांदा सापडलं मात्र एका चिनी झाडात, १९६६ साली, अमेरिकेतल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये. शोधणारे दोघे, मनरो वॉल आणि मनसुख वाणी. वाणी मूळचे नंदुरबारचे, जन्म १९२५चा, रसायनशास्त्र शिकले मुंबई विद्यापीठात. पुढे १९७१ साली याच जोडीने टॅक्सॉलची रचनाही मांडली. १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी आपल्या नरक्यात कॅम्प्टोथेसिन असल्याचं दाखवलं.

पुढचा भाग प्रत्येक उत्साही विद्यार्थ्याने नीट वाचावा. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही. म्हणून सुरुवातीच्या मानवी चाचण्यांत त्याचं विरघळणारं सोडियम मीठ वापरलं. त्या मिठात रेणूची एक कडी, लॅक्टोनची, उघडलेली असते आणि कडी उघडली की औषधाचा जोर जातो. परिणाम तुटपुंजा, वर रुग्णांना मूत्राशयातून रक्तस्राव. सत्तरच्या दशकात चाचण्या थांबल्या. १९८५ साली कळलं की हा रेणू टोपोआयसोमरेज-१ या एन्झाइमला डीएनएवरच अडकवून ठेवतो, आणि मग पुन्हा रस निर्माण झाला. जपानच्या याकुल्ट कंपनीने (हो, तीच, छोट्या बाटलीतल्या दह्याच्या पेयाची) त्यापासून इरिनोटेकॅन बनवलं. अमेरिकेत १९९६ साली ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झालं. झाडातून रेणू हाती आल्यापासून तीस वर्षं. आज फोलफिरी या उपचारात फ्लुओरोयुरासिल आणि फोलिनिक आम्लाबरोबर तेच देतात.

म्हणून नरक्या शिकायला उत्तम. त्यात काय आहे, ते कसं काम करतं, कुठे फसवतं हे ठाऊक आहे. तुमची पद्धत नरक्याच्या अर्कातला परिणाम पकडू शकली नाही, तर अनोळखी वनस्पतीबद्दल ती जे सांगेल त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

झाड नक्की कोणतं

बाजारातून 'ब्राह्मी' आणली तर ती बाकोपाही असेल आणि मंडूकपर्णीही. शंखपुष्पी या नावाने तर तीनचार वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातली पुडी हा संशोधनाचा नमुना होत नाही. फूल किंवा फळ असलेली फांदी स्वतः तोडा, दाबून वाळवा, हर्बेरियम शीट करा आणि ओळख पटवून घ्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्थेचं हर्बेरियम आहे. तिथून मिळालेला शीटचा क्रमांक पुढे अर्काच्या प्रत्येक नळीवर आणि शोधनिबंधात यायला हवा. तारीख, ठिकाण, झाडाचा कोणता भाग, हेही. एकाच झाडाची जूनमधली पानं आणि डिसेंबरमधली पानं रसायनाच्या दृष्टीने एक नसतात.

जंगलातून आणायचं तर वनखात्याची लेखी परवानगी घ्या. नरक्याच्या बाबतीत हे जास्तच जपा, कारण लाकडासाठी त्याची सह्याद्रीत बेसुमार तोड आणि तस्करी झाली आहे. खोड-मूळ काढलं की झाड संपलं, म्हणून पानांवर आणि बारीक डहाळ्यांवर भागवा. पेटंट, व्यावसायिक वापर किंवा नमुना परदेशी पाठवणं यांतलं काही डोक्यात असेल, तर २००२चा जैवविविधता कायदा आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्या आधी वाचा आणि नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाशी बोला. काम झाल्यावर जाग आली तर पेटंट अडतं.

अर्क काढताना

पानं धुवा, सावलीत किंवा ४० अंशांखालच्या ओव्हनमध्ये वाळवा, दळा, चाळा. भुकटी ५० ग्रॅम घेतली तर द्रावक ५०० मिली. मी हेक्झेन, एथिल ॲसिटेट, मिथेनॉल आणि पाणी असा चढत्या ध्रुवीयतेचा क्रम लावतो. हेक्झेनमध्ये मेण आणि हरितद्रव्याचा बराच भाग निघून जातो, ते पुढच्या रंगमापनात नडतं. प्रत्येक द्रावकात २४ तास हलवत ठेवा, गाळा, पुन्हा ताजं द्रावक घाला, असं तीनदा. सॉक्सलेट (गरम द्रावक फिरवत अर्क काढणारं उपकरण) झटपट होतं, पण तासन्‌तास उकळताना काय मोडलं ते कळत नाही. द्रावक रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांना उडवा, पाण्याचा अर्क गोठवून वाळवा, आणि किती ग्रॅम भुकटीतून किती मिलिग्रॅम अर्क आला ते लिहा. मिथेनॉल पूर्ण गेलं की नाही याची खात्री करून घ्या. उरलेल्या मिथेनॉलने पेशी मारून 'वनस्पतीचा गुण' म्हणून छापणं अशक्य मुळीच नाही.

परंपरेत त्या वनस्पतीचा काढा देत असतील तर पाण्याचा अर्क वगळू नका. मिथेनॉलच्या अर्काचा निकाल दाखवून काढ्याची थोरवी गायची, हा प्रकार फार चालतो.

कोरडा अर्क लहान लहान नळ्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा. दर नव्या बॅचची एचपीटीएलसी किंवा एचपीएलसी काढा, म्हणजे अर्कातली द्रव्यं सुटी करून दाखवणारा आलेख. नरक्याला तर सोपी खूण आहे: टीएलसीची पट्टी (तिच्यावर अर्कातली द्रव्यं वेगळ्या ठिपक्यांत फुटतात) ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरली की कॅम्प्टोथेसिनचा ठिपका निळा चमकतो. अंधाऱ्या खोलीत तो पहिल्यांदा दिसला की मुलं मोबाइल काढतात. काढू द्या, पण शेजारी विकतच्या शुद्ध कॅम्प्टोथेसिनचा ठिपकाही असू द्या, नाहीतर निळं चमकणारं दुसरं काहीही असू शकतं.

पेशी

सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेला पेशींचा वाण, आपल्याकडे बहुतेक जण पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून, एनसीसीएसमधून, आणतात. शेजारच्या कॉलेजातल्या मित्राकडून फ्लास्क आणू नका. हेला या झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशी दुसऱ्यांच्या फ्लास्कमध्ये शिरल्याच्या कहाण्या साठ वर्षं चालू आहेत. आणल्यावर मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची पीसीआर करा आणि दर दोनतीन महिन्यांनी पुन्हा करा. मायकोप्लाझ्मा सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, मीडियम गढूळ करत नाही, आणि तेही एमटीटीचा रंग बदलतं. ओळखीसाठी एसटीआर प्रोफाइल, म्हणजे पेशींच्या डीएनएचा ठसा, हवीच.

एकाच सेल लाइनवर थांबू नका. एचसीटी-११६मध्ये केरॅस जनुक बिघडलेलं आहे, पी-५३ हे गाठींना आवर घालणारं जनुक शाबूत आहे आणि डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी एक यंत्रणा बंद आहे. एचटी-२९मध्ये ब्राफ जनुकाचा व्ही-६००-ई बदल आहे आणि पी-५३ बिघडलेलं. म्हणजे या दोन लाइन दोन वेगळ्या रुग्णांसारख्या वागतात. तिसरी हवी असेल तर एसडब्ल्यू-४८० आणि एसडब्ल्यू-६२० ही जोडी घ्या: एकाच रुग्णाच्या मूळ गाठीतून पहिली, लसिकाग्रंथीत पसरलेल्या गाठीतून दुसरी.

निरोगी पेशींशी तुलना सगळे करतात, पण कशाशी करताय ते बघा. सीसीडी-१८को या आतड्याच्या पेशी खऱ्या, पण त्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोडऊतीच्या, आहेत, अस्तराच्या नाहीत. अस्तरासाठी सीसीडी-८४१-कोएन वापरतात. त्यातही मेख आहे: ज्या पेशी मुळातच सावकाश वाढतात, त्यांच्यावर वाढ रोखणाऱ्या कुठल्याही द्रव्याचा परिणाम कमीच दिसणार. त्यामुळे 'कर्करोगाच्या पेशींवर पाचपट जास्त परिणाम' या वाक्यात वनस्पतीचा वाटा किती आणि वाढीच्या वेगाचा किती, हे वेगळं करून दाखवावं लागतं.

किती पेशी पेरायच्या? शोधनिबंधांत डोळे झाकून 'वेलमध्ये ५,०००' लिहिलेलं असतं. एचसीटी-११६ दिवसभराच्या आतच दुप्पट होतात. ५,००० पेरल्या, २४ तास बसू दिल्या, वर ७२ तास अर्क, म्हणजे चार दिवस. पाच वेळा दुप्पट झाल्या तरी हिशेब १,६०,००० होतो आणि वेलमध्ये तेवढी जागाच नसते. जागा संपल्यामुळे कंट्रोलच्या, म्हणजे अर्क न दिलेल्या, पेशींची वाढ थांबते आणि अर्क आहे त्यापेक्षा फिका वाटतो. मी एचसीटी-११६साठी २,००० आणि एचटी-२९साठी ४,०००पासून सुरू करतो. तुमच्या इन्क्युबेटरमध्ये वाढीचा आलेख एकदा स्वतः काढा.

प्लेट कशी मांडायची

९६ वेलच्या प्लेटमधले काठाचे ३६ वेल फक्त निर्जंतुक बफरने भरा. तिथलं पाणी उडतं आणि आकडे बिघडतात. उरले ६०, म्हणजे दहा स्तंभ आणि सहा ओळी. वरच्या तीन ओळींत पेशी, खालच्या तीन ओळींत हुबेहूब तेच सगळं, पण पेशींशिवाय. अर्धी प्लेट 'वाया' गेली म्हणून कुणी कुरकुर करेलच. सहा आठवडे वाया जाण्यापेक्षा बरं.

पहिल्या स्तंभात नुसतं मीडियम. दुसऱ्यात ०.१ टक्का डीएमएसओ, म्हणजे ज्यात अर्क विरघळवतो ते द्रावक. पुढच्या सहा स्तंभांत अर्क: ०.३, १, ३, १०, ३० आणि १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली. नवव्यात सर्वांत मोठी मात्रा आणि सोबत कॅटलेज. दहाव्यात पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे पेशी नक्की मारणारं ओळखीचं औषध.

डीएमएसओ सगळीकडे सारखं हवं. त्यासाठी मात्रा मीडियममध्ये उतरवत न नेता आधी डीएमएसओमध्येच हजारपट तीव्र साठे करा: १००, ३०, १०, ३, १ आणि ०.३ मिलिग्रॅम प्रति मिली. प्रत्येकातले २ मायक्रोलिटर ९९८ मायक्रोलिटर मीडियममध्ये घाला, ही झाली दुप्पट तीव्रता. वेलमध्ये १०० मायक्रोलिटर आधीच आहे, त्यावर हे १०० ओता. अर्क १०० मिलिग्रॅमला नीट विरघळत नसेल तर खाली या. मीडियममध्ये घातल्याबरोबर नळी उजेडात धरा. तळाशी गढूळ धूर उतरताना दिसला तर अर्क बाहेर पडतोय, आणि त्या मात्रेचा आकडा खरा नाही. विरघळवण्याचं काम त्याच दिवशी करा, साठा वारंवार वितळवू-गोठवू नका. कॅम्प्टोथेसिनची कडी ७.४ सामूला काही मिनिटांतच उघडू लागते, सत्तरच्या दशकातली तीच गोष्ट तुमच्या नळीत पुन्हा घडते.

कॅटलेज कशाला? पॉलिफेनॉल मीडियममध्ये हवेशी अभिक्रिया करून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतात. पेशी त्याने मरतात आणि श्रेय वनस्पतीला जातं. कॅटलेज हे एन्झाइम पेरॉक्साइड मोडून टाकतं. ते घातल्यावर परिणाम नाहीसा झाला, तर तुम्ही जंतुनाशकाची चाचणी घेत होतात. ही एक पायरी केली असती तर छापून आलेले कितीतरी निबंध छापले गेले नसते, असं माझं स्पष्ट मत आहे.

पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून इरिनोटेकॅन घेतलं तर निराश व्हाल. ते शरीरात, मुख्यतः यकृतात, एन्झाइमने तुटून एसएन-३८ बनतं आणि खरं काम हे एसएन-३८ करतं. प्लेटमध्ये यकृत नाही. थेट एसएन-३८ घ्या, ते नॅनोमोलर मात्रेत काम करतं. परवडत नसेल तर फ्लुओरोयुरासिल किंवा ऑक्सॅलिप्लॅटिन.

रंग आणि आकडे

एमटीटी वापरायचंच असेल तर अर्क काढून टाका, पेशी बफरने हलकेच धुवा, मग ०.५ मिलिग्रॅम प्रति मिली एमटीटी घालून तीनचार तास ठेवा, जांभळे स्फटिक डीएमएसओत विरघळवा, ५७० नॅनोमीटरला वाचा. वनस्पतींसाठी मला एसआरबी या रंगाची चाचणी जास्त भरवशाची वाटते. ती पेशींतली प्रथिनं मोजते, आणि टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या संशोधन केंद्रात, ॲक्ट्रेकमध्येही औषधचाचणीसाठी हीच वापरतात. २०० मायक्रोलिटरवर थंडगार ५० टक्के ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाचे ५० मायक्रोलिटर भिंतीवरून हळू सोडा, जोरात सोडलं की पेशींचा पापुद्रा उचलला जातो. ४ अंशांवर तासभर ठेवा, नळाच्या पाण्याने पाच वेळा धुवा, पूर्ण वाळवा. मग १ टक्का ॲसिटिक आम्लातला ०.४ टक्के एसआरबी अर्धा तास, १ टक्का ॲसिटिक आम्लानेच धुणं, पुन्हा वाळवणं, १० मिलिमोलर ट्रिसमध्ये रंग सोडवणं आणि ५४० नॅनोमीटरला वाचन. वाळलेली प्लेट कपाटात ठेवून सवडीने वाचता येते. लोडशेडिंगच्या गावात याचं मोल कळतं.

आणि एक जादा प्लेट हवी: अर्क घालायच्या क्षणीच आम्ल घालून थांबवलेली. ती नसेल तर काय होतं ते बघा. समजा, सुरुवातीचं वाचन ०.२०. तीन दिवसांनी कंट्रोल १.००, अर्काचे वेल ०.६०. 'कंट्रोलच्या ६० टक्के, म्हणजे ४० टक्के पेशी मेल्या' असं लिहून लोक मोकळे होतात. पण ०.२०चे ०.६० झालेत, पेशी तिप्पट झाल्यात! वाढ निम्म्यावर आली, एवढंच: ०.६०मधून ०.२० वजा केले की ०.४०, कंट्रोलची वाढ ०.८०, भागाकार ५० टक्के. ही मात्रा जीआय-५०. वाचन ०.२०वरच राहिलं तर वाढ पूर्ण थांबली, तो टीजीआय. ०.१०वर आलं तर निम्म्या पेशी खरोखर गेल्या, तो एलसी-५०. तिन्ही आकडे द्या.

एका प्लेटमधले तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, पेशींचा वेगळा पॅसेज (नव्या फ्लास्कमध्ये पुन्हा पेरलेल्या पेशी), अर्काचं नवं द्रावण, असं तीनदा केलं की तीन. वक्र चार घटकांच्या लॉजिस्टिक समीकरणाने बसवा आणि आकड्यासोबत ९५ टक्के विश्वास-अंतर द्या.

आकडा किती आला तर पुढे जायचं? कच्च्या अर्काचा आयसी-५०, म्हणजे वाचन कंट्रोलच्या निम्म्यावर आणणारी मात्रा, मिलीला २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर पुढे जाण्यात अर्थ, असा सर्वसाधारण संकेत आहे. २०० आला तर? माणसाच्या शरीरात रक्त साधारण ५ लिटर. तेवढ्यात २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली गाठायला १ ग्रॅम अर्क एकाच वेळी रक्तात हवा, तोही पूर्ण शोषला गेला, यकृताने अडवला नाही आणि रक्ताबाहेर गेला नाही असं धरून. हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या पाठी, असं होऊ नये म्हणून हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मोठ्या आतड्याच्या बाबतीत एक सवलत मात्र आहे: तोंडाने घेतलेलं आणि न शोषलेलं द्रव्य थेट गाठीच्या अंगावरून जातं, तिथे तीव्रता रक्तापेक्षा कितीतरी जास्त असू शकते. यकृतात पसरलेल्या गाठीला ती सवलत नाही.

पेशी खरंच मेल्या का, आणि कशाने

आधी सूक्ष्मदर्शकातून बघा. यंत्राआधी डोळे. गोल होऊन तरंगणाऱ्या पेशी, फुगे आलेल्या पेशी, की नुसत्या विरळ पण तब्येतीने ठणठणीत?

मग कॉलनीची चाचणी करा, स्वस्त आणि प्रामाणिक. सहा वेलच्या प्लेटमध्ये ५०० पेशी, एक दिवस अर्क, मग काढून टाकायचा आणि १० ते १४ दिवस वाट बघायची. क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून ५० किंवा जास्त पेशींच्या कॉलन्या मोजायच्या. तीन दिवसांत 'मेलेल्या' पेशी चौदाव्या दिवशी टुणटुणीत कॉलन्या करून बसलेल्या मी बऱ्याचदा पाहिल्यात.

मृत्यूचा प्रकार बघायला ॲनेक्सिन आणि प्रोपिडियम आयोडाइड लावून फ्लो सायटोमेट्री, आणि वेस्टर्न ब्लॉटवर तुटलेलं कॅस्पेज-३ व पार्प, ही पेशी ठरवून मरताना तुटणारी प्रथिनं (पार्पची ११६ किलोडाल्टनची पट्टी ८९वर येते). नरक्यासाठी गॅमा-एच२एएक्स ही डीएनए तुटल्याची खूण जरूर बघा, कारण अडकलेल्या टोपोआयसोमरेजमुळे डीएनए तुटतो आणि पेशी विभाजनाआधीच्या एस आणि जी-२ टप्प्यांत थबकतात. तरंगणाऱ्या पेशी ओतून देऊ नका, त्याही गोळा करा. मेलेल्या पेशी फेकून 'मृत्यू दिसला नाही' म्हणणारे मी पाहिलेत.

अर्कात काम करतंय कोण

इथून पुढे रसायनशास्त्राच्या मित्राची गरज. सिलिकाच्या स्तंभातून अर्काचे भाग पाडा, टीएलसीवर सारखे दिसणारे एकत्र करा, प्रत्येक भाग पुन्हा प्लेटवर तपासा. परिणाम ज्या भागात गेला, तो पुन्हा फोडा. वॉल आणि वाणी यांनी असंच केलं, फक्त त्यांच्याकडे प्लेटऐवजी रक्ताचा कर्करोग झालेले उंदीर होते.

प्रत्येक फेरीत वजनाचा आणि परिणामाचा जमाखर्च ठेवा. भाग शुद्ध होत जाईल तसा आयसी-५० खाली यायला हवा. सगळ्या भागांत परिणाम थोडा थोडा विखुरला तर टॅनिनचा संशय घ्या, ती दिसेल त्या प्रथिनाला चिकटतात. आणि शेवटी हाती कर्क्युमिन, क्वेर्सेटिन असं ओळखीचं नाव आलं तर आनंद आवरा. हे रेणू जवळजवळ प्रत्येक चाचणीत 'यशस्वी' होतात, कारण ते चाचणीच्या रसायनातच ढवळाढवळ करतात.

नंतरचा टप्पा त्रिमितीय गोळ्यांचा किंवा रुग्णाच्या ऊतीपासून वाढवलेल्या ऑर्गनॉइडचा, म्हणजे गाठीच्या छोट्या प्रतिकृतीचा. ऊतीसाठी मानवी आचारसमितीची मान्यता आणि रुग्णाची लेखी संमती लागते. तोंडाने घ्यायच्या अर्कासाठी आतड्याच्या अस्तरासारख्या वागणाऱ्या काको-२ पेशी पडद्यावर २१ दिवस वाढवून काय शोषलं जातं तेही बघता येतं. आतड्यातले जिवाणू विसरू नका. इरिनोटेकॅन घेणाऱ्यांना जे भयंकर जुलाब होतात, त्यांत जिवाणूंचा हात आहे: यकृताने साखर जोडून निष्प्रभ केलेलं एसएन-३८ आतड्यात आलं की जिवाणूंचं बीटा-ग्लुक्युरोनिडेज ती साखर काढून घेतं आणि औषध पुन्हा जागं होतं. तुमच्या अर्कातल्या ग्लायकोसाइडांचंही असंच काही होणार.

प्राणी, माणसं, कागदपत्रं

प्राण्यांकडे घाईने जाऊ नका. संस्थेच्या प्राणी आचारसमितीची मंजुरी आधी, प्रयोग नंतर. आधी विषारीपणा, ओईसीडीच्या ४२३ आणि ४०७ या चाचणी-नियमांप्रमाणे. उंदरांत ॲझोक्सिमिथेन आणि डीएसएस ही रसायनं देऊन आतड्यातच गाठी येऊ देणं हे कातडीखाली पेशी टोचण्यापेक्षा या आजाराच्या जास्त जवळ जातं. गाठी मोजणाऱ्याला कोणत्या पिंजऱ्याला अर्क दिला ते माहीत नसावं. उंदराला १०० मिलिग्रॅम प्रति किलो दिलं तर माणसाची मात्रा काढताना १२.३ने भागायचं: साधारण ८ मिलिग्रॅम प्रति किलो, ६० किलोच्या माणसाला अर्ध्या ग्रॅमहून थोडं कमी, ४९० मिलिग्रॅमच्या आसपास.

माणसांवरची चाचणी हा महाविद्यालयीन प्रयोगशाळेचा प्रांत नाही. फायटोफार्मास्युटिकल, म्हणजे वनस्पतिजन्य औषध, हा वर्ग भारतात २०१५पासून आहे. त्यात शुद्ध केलेल्या, प्रमाणित अर्कभागात किमान चार घटक ओळखून मोजलेले असावे लागतात. चाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद, नियामकाची परवानगी, हे सगळं रुग्णालयाच्या आणि कर्करोगतज्ज्ञांच्या जोडीनेच होतं. आणि तुमच्या निबंधाच्या बळावर कुणी 'कर्करोगावर रामबाण' अशी जाहिरात केली तर १९५४चा जादुई उपायांचा कायदा त्याच्या आड येतो.

फोन येईलच

निबंध छापून आला, गावाकडच्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, की फोन सुरू होतात. मामाला आतड्याचा कॅन्सर आहे, ते चूर्ण थोडं पाठवाल का? नाही म्हणा, आणि लगेच विचारा: सध्या कोणता उपचार चालू आहे, आणि घरात कुणी कसला काढा देतंय का? देत असतील तर डॉक्टरांना आजच सांगायला सांगा. युरोपात नैराश्यासाठी सर्रास घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती इरिनोटेकॅनच्या रुग्णांनी सोबत घेतली, तेव्हा त्यांच्या रक्तातल्या एसएन-३८ची पातळी ४२ टक्क्यांनी घटली होती. सलाईनमधून औषध पूर्ण मात्रेचं जात होतं, आणि शरीराला मिळत होतं जेमतेम निम्म्याहून थोडं जास्त.